अ‍ॅडमिन सर

१५ ऑक्टोबरला आमच्या शाळेतली पोरं एका हाताला साबणाचा फेस आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन उन्हात उभी असायची. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणून २०१५ पासून राज्यात तो वाचन प्रेरणा दिन. आणि नेमका हाच दिवस जगभर हात धुवा दिन. दोन्हींचे फोटो बाराच्या आत आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडले पाहिजेत, असा मेसेज साडेदहाला यायचा. दुसरा कुणी असता तर पोरांचे हात धुऊन घेतले असते, कोरडे केले असते, मग पुस्तकं वाटली असती. अ‍ॅडमिन सरांनी हिशेब केला : अडतीस पोरं, एक बादली, एक साबण, दीड तास. दोन्ही दिवस एकाच फोटोत बसले. केंद्रात पहिला नंबर आमचा. वाचनपेटीतली काही पुस्तकं आजही उघडली की आंघोळीची आठवण येते.

सरांचं खरं नाव मी सांगणार नाही. एक तर या ना त्या ग्रुपवर ते हे वाचणारच, आणि दुसरं म्हणजे नावाची गरजच राहिलेली नाही. कळंब तालुक्यात मांजरेच्या काठाला आमचं गाव. तिथं लहानथोर सगळे त्यांना अ‍ॅडमिन सर म्हणतात. एकदा त्यांच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं, तर नवा पोस्टमन दोन गल्ल्या हिंडून 'असा माणूस गावात न्हाई' म्हणत परत निघाला होता. पाराजवळ सरांनीच त्याला अडवलं. तेही पत्रासाठी नव्हे. ९ ऑक्टोबर होता, जागतिक टपाल दिन, आणि त्यांना फोटोसाठी पोस्टमन हवा होता.

शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज सरांकडं. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस बेताचे, आवाज भरदार. दोन फोन, एकाला ते 'शासकीय' म्हणत, दुसऱ्याला 'घरचा'. दोन्ही पगारातूनच घेतलेले आणि दोन्हींचा रिचार्जही पगारातूनच, तरी शासकीय फोन हातात घेतला की सरांची मान आपोआप ताठ व्हायची. मोटारसायकलवरून उतरून वर्गापर्यंत ते स्क्रीनकडं बघतच चालत. पायरी कुठं आहे, खड्डा कुठं आहे, पोषण आहाराची चूल कुठं आहे, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ होतं.

मी मोजले तेव्हा त्यांचे ग्रुप सतरा होते. केंद्राचा एक. तालुक्याचे दोन, एक आदेशांचा, दुसरा आदेश न समजलेल्यांचा. संघटनेचे तीन, कारण संघटनाही तेवढ्या. पोषण आहाराचा, शाळा व्यवस्थापन समितीचा, डी.एड.च्या बॅचचा, माजी विद्यार्थ्यांचा, पालकांचे चार वर्गांचे चार. उरलेल्या तीनांचं प्रयोजन सरांनाही आठवत नव्हतं. पण अ‍ॅडमिन तेच होते, म्हणून सोडवत नव्हतं.

या ग्रुपांमध्येही खानदान असतं, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. पूर्वी एका ग्रुपात २५६ च माणसं मावत. तालुक्यातले शिक्षक त्याहून जास्त, म्हणून 'ग्रुप १' आणि 'ग्रुप २' झाले. 'ग्रुप १' मधला माणूस लग्नात भेटला तरी 'ग्रुप २' वाल्याशी जरा जपून बोलायचा. आदेश 'एक'वर आधी पडायचा, 'दोन'वर पाच मिनिटांनी. २०२२ मध्ये कंपनीनं मर्यादा १०२४ केली आणि दोन्ही ग्रुप एक करायची वेळ आली, तेव्हा अ‍ॅडमिन कोण यावर जे राजकारण झालं तसं मी पंचायत समितीच्या निवडणुकीतही पाहिलं नाही. शेवटी तडजोड होऊन नऊ अ‍ॅडमिन झाले. सर त्यातले एक. त्या दिवशी त्यांनी पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.

आमच्या खात्यात मेसेजच्या तीन जाती आहेत : तात्काळ, अतितात्काळ, आणि 'अद्याप खालील शाळांची माहिती अप्राप्त'. तिसऱ्यात आपलं नाव आलं म्हणजे भर बाजारात धोतर सुटल्यासारखं. सरांचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. सगळ्या तालुक्यात 'निरंक' सर्वांत आधी पाठवणारा माणूस म्हणजे ते. शाळेत सर्पदंशाच्या घटना किती? निरंक. जलतरण तलाव किती? निरंक. मेसेज पूर्ण वाचायच्या आत अंगठा 'नि'वर गेलेला असायचा. एकदा 'कार्यरत शिक्षक संख्या' विचारली होती, तिथंही सवयीनं निरंक गेलं. आम्ही दोघं दोन तास कागदोपत्री नव्हतो. मला ते दोन तास फार बरे वाटले.

सरांना हे वेड कधी लागलं, ते मी पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१६ ची गोष्ट. शाळाबाह्य मुलं कळावीत म्हणून शिक्षकांनी सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून 'सरल' प्रणालीवर टाकायची, असा शासनाचा निर्णय आला. राज्यभर शिक्षक चिडले. संघटनांची निवेदनं निघाली. आमच्या केंद्रात एकच माणूस खूश होता. सरांकडं नुकताच पुढचा कॅमेरा असलेला फोन आला होता आणि शासन त्यांना तो वापरायला सांगत होतं. त्यांनी तालीम सुरू केली. अडतीस पोरं म्हणजे दहाचे तीन गट आणि आठ उरली. आदेशात दहा म्हटलंय, आठ कसे चालतील? पहिल्या गटातली दोन पोरं टोप्या घालून चौथ्या गटात उभी राहिली. मी म्हटलं, "सर, मग पट चाळीस होईल की." सर विचारात पडले. सरांचा प्रामाणिकपणा असा मधेच जागा व्हायचा, आणि जागा झाला की लवकर झोपायचा नाही. टोप्या काढल्या गेल्या. विरोध वाढत गेला आणि जानेवारीत तो सगळा बेतच बारगळला, पण सरांचा उजवा हात तेव्हापासून जो लांब झाला तो झालाच.

फोटो काढणं ही त्यांची एक विद्या होती. आधी शाळेचं नाव दिसेल असं फलकाखाली उभं राहायचं. मग फळ्यावर दिनविशेष, शेजारी केंद्राचं नाव, खाली तारीख. मग पोरं; बुटकी पुढं, उंच मागं, नाकातून वाहणारी कडेला. "हातातलं वर धरा. वर म्हंजी तोंडापुढं न्हवं." मग सर स्वतः कोपऱ्यात, अर्धे. फोटो काढणारा मी. त्यानंतर जिओटॅगचं अ‍ॅप आलं. फोटोच्या खाली अक्षांश-रेखांश, गाव, तालुका, जिल्हा उमटायला लागलं आणि नवाच घोळ झाला. मांजरा नदीच्या अलीकडं आमचा धाराशिव जिल्हा, पलीकडं बीड. शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला उभं राहिलं तर फोटोवर कळंब तालुका यायचा, पण उत्तरेकडच्या वऱ्हांड्यात काढला की त्या अ‍ॅपच्या हिशेबात आमची शाळा केज तालुक्यात. वृक्षारोपणाचा फोटो असा बीड जिल्ह्यात गेला. केंद्रप्रमुख साहेबांचा मेसेज आला : 'आपण कार्यक्षेत्राबाहेर झाड का लावले याचा खुलासा करावा.' सरांनी झाड उपटून दक्षिणेला लावलं. ते जगलं, हे सांगायला पाहिजे. कडुलिंब होता, त्याला जिल्हा कुठला का असेना.

पोरांवर या सगळ्याचा परिणाम असा झाला, की सरांनी फोन छातीच्या वर उचलला की वर्ग उठून दोन रांगांत उभा राहायचा आणि हसायचा. एकदा पावसाळ्यात वर्गात धामण निघाली. सर फोन उंच धरून रेंज शोधत होते, सर्पमित्राला लावायला. सगळी पोरं भिंतीला लागून रांगेत उभी, पुस्तकं छातीशी, चेहरे हसरे. धामण मधून निघून गेली. त्या दिवसाचा फोटो नाही, याची सरांना अजून हळहळ आहे.

मधल्या सुट्टीत पोरी जे खेळायच्या त्यात भातुकली होती, फुगडी होती, आणि 'ग्रुप ग्रुप' होता. मी खिडकीतून बघितला आहे. फुटक्या पाटीचे तुकडे म्हणजे फोन. एकजण केंद्रप्रमुख; ती उंच दगडावर बसते. "तात्काळ!" ती ओरडते. बाकीच्या पाटीवर बोट आपटतात. "निरंक!" "निरंक!" "निरंक!" जी शेवटी राहील तिच्यावर राज्य. एक पोरगी नुसतीच गप्प बसली होती. विचारलं तर म्हणाली, "माझी रेंज गेली."

आता लॉकडाऊन. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा झाली. सरांना वाटलं आपलं युग आलं. पालकांच्या ग्रुपवर रोज गणितं पडायला लागली. अडतीस पोरांच्या घरात मिळून स्मार्टफोन नऊ. त्यातले पाच दिवसभर बापाच्या खिशात, रानात. उत्तरं यायची ती काकांची. बावीस वजा सात बरोबर सोळा, असं एका काकांनी सही करून पाठवलं. सरांनी लाल गोल केला, काका बारा दिवस बोलले नाहीत. मग सरांनी मारुतीच्या देवळाचा भोंगा मागून घेतला आणि सकाळी आठला त्याच्यावरून पाढे म्हणायला सुरुवात केली. ते मात्र चाललं. गावातल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा पावणेदोनकीचे पाढे पुन्हा पक्के झाले.

त्या वर्षी दिवाळीनंतर टोळ्या कर्नाटकात ऊसतोडीला गेल्या. तिसरीतला एक पोरगा आईबापांसोबत गेला. जानेवारीतल्या एका रात्री त्यानं मुकादमाच्या फोनवरून गृहपाठाचा फोटो पाठवला. बॅटरीचा उजेड, मांडीवर वही, मागं कोपीचं पाचट आणि बाजेचा एक पाय. सात ओळी शुद्धलेखन. बाकी सरांच्या फोनमध्ये आलेली कुठलीही वस्तू दहा मिनिटांत सतरा ठिकाणी जायची. हा फोटो कुठंच गेला नाही. मी म्हटलं, "सर, हा तर तालुक्यावर टाकायला पायजे." सर म्हणाले, "हललाय जरा." मी बघितला होता. हललेला नव्हता.

त्याच काळात, ३ डिसेंबर २०२० ला, इथून जवळच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. बार्शी ओलांडली की आलंच. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, हे ऐकून आमच्या केंद्रात दोन तट पडले, पण क्यूआर कोडची पुस्तकं ही त्यांची कल्पना सरांच्या डोक्यात घुसली ती घुसलीच. पुढच्या वर्षी उमरगा तालुक्यातले उमेश खोसे गुरुजी राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार घेऊन आले. म्हणजे विजा दोन्ही बाजूंना पडून गेल्या, मधे आम्ही कोरडे. सरांनी कोड छापून आणले आणि जिथं चिकटेल तिथं चिकटवले. लिंबाला, घंटेला, पाण्याच्या टाकीला, खिचडीच्या पातेल्याला. लिंबाचा कोड उघडला की सर लिंबाची माहिती सांगताना दिसत. पातेल्याचा उघडला की सर प्रथिनांची माहिती सांगत. पातेल्यावरचा चौथ्या दिवशी जळाला; सगळ्यांत जास्त बघितलेला व्हिडिओ मात्र तोच, कारण त्यात मागं स्वयंपाकीण मावशी सरांची नक्कल करताना दिसते.

खरी कसोटी पालकांच्या ग्रुपवर लागली. 'इयत्ता ४ थी पालक' हा ग्रुप सरांनी शिस्तीत काढला होता. वर्णनात सात नियम. पहिला : 'फक्त शैक्षणिक पोस्ट टाकाव्यात.' आठवडाभर शिस्त टिकली. मग सोयाबीनचा भाव आला. मग कुणाच्या तरी मेव्हण्याचा वाढदिवस, भावी सरपंच म्हणून. मग टँकर कधी येणार. मग लग्नपत्रिका. सर एकेक पोस्ट डिलीट करत आणि खाली नियम क्रमांक लिहीत. आणि एका रात्री पावणेदहाला एका पालकानं शेळीचा फोटो टाकला. काळीभोर, लांब कानांची, अस्सल उस्मानाबादी. खाली मजकूर : 'शेळी इकणे हाय. दोन येत झालेली. गाबन. साडेनऊ हजार.'

सरांनी लिहिलं : 'नियम क्र. १ पाहावा. ग्रुप फक्त शैक्षणिक आहे.'

दोन मिनिटं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं : 'सर शेळी शैक्षणिकच हाय. थोरलीच्या नर्सिंगची फी भरायची हाय.'

त्यावर ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. पालक जागे होते, निळ्या खुणा दिसत होत्या. सरांनी पोस्ट डिलीट केली नाही, ठेवलीही नाही म्हणा ना. त्यांनी स्वतः 'शैक्षणिक साहित्य' असं शीर्षक देऊन ती पुन्हा टाकली. शेळी तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवरच्या एका पालकानं घेतली, नऊ हजारांना. मग रीतच पडली. आता कोंबड्या, कडबा, जुनी मोटार, सगळं 'शैक्षणिक'. सरांनी एकच अट घातली : जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा. तो बारा आकडी. त्याच सुमारास पोरांच्या 'अपार' नोंदणीचं काम चालू होतं, आणि अपारचा नंबरही बाराच आकडी. एका रविवारी घरी बसून माहिती भरताना सरांनी चौथीतल्या एका पोराच्या रकान्यात शेळीचा नंबर घातला. सिस्टीमनं तो घेतला नाही. सिस्टीमचं एवढं एकच काम मला मनापासून आवडलं.

नावाचंही एक झालं. २४ फेब्रुवारी २०२३ ला उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्र सरकारची मान्यता आली. सरांनी त्याच रात्री जागून सगळ्या ग्रुपांची नावं बदलली. पुढं काही महिने कागदावर कुठं हे, कुठं ते असं चाललं, तेव्हा सर सकाळी एक नाव आणि संध्याकाळी दुसरं ठेवत. पुढं त्याच सवयीनं त्यांनी शेळीच्या पोस्टमध्येही 'धाराशिवी' केलं. तर गिऱ्हाईक विचारायला लागलं, ही कुठली नवी जात? सरांना परत उस्मानाबादी करावं लागलं. शेळीचं नाव बदलायचा अधिकार शासनाकडं आहे की नाही, हे त्यांनी संघटनेच्या ग्रुपवर विचारलंही होतं.

सर पोरांवर चिडत असत, पण कसे, ते स्टिकरच्या प्रकरणात कळलं. कुणीतरी सरांचा चेहरा कापून त्याचं स्टिकर केलं. डोळे वटारलेले, खाली लाल अक्षरांत 'तात्काळ'. ते माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून सुटलं ते थेट तालुक्यावर गेलं. केंद्रप्रमुख साहेब ते वापरायला लागले, हा कोणाचा चेहरा हे नीट न बघताच. सरांनी तपास केला. करणारा सापडला, कळंबच्या हायस्कुलात नववीत शिकणारा आमचाच जुना पोरगा. शाळेत बोलावला. तो थरथरत उभा. सरांनी फोन डोळ्याजवळ नेऊन स्टिकर मोठं करून बघितलं आणि म्हणाले, "कटिंग चांगलं केलास रं. कानाजवळ थोडं राह्यलंय. ते कामून राह्यलं?" पोरगा म्हणाला, "सर, तुमचा कानच तसा हाय." सरांनी त्याला माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन केलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यात आंदोलन पेटलं. काळ्या फिती झाल्या, सामूहिक रजा झाली, आणि त्याआधी प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतून बाहेर पडायचं ठरलं. माणसं तुरुंगात जायला निघावीत तसे सर बसले होते. एकेक ग्रुप उघडायचे, बघायचे, बंद करायचे. शेवटी पोषण आहारापासून सुरुवात केली. प्रत्येक 'लेफ्ट'चा स्क्रीनशॉट संघटनेच्या तिन्ही ग्रुपांवर टाकला. रात्री साडेआठला ते माझ्या घरी आले. चहा घेतला. अंगठा रिकाम्या मांडीवर वरखाली फिरत होता.

"काही आलंय का हो केंद्रावर?"

"मीबी बाहेर पडलोय की सर."

"व्हय. पण आलं असंल का काही?"

केंद्राच्या ग्रुपवर केंद्रप्रमुख साहेब एकटेच उरले होते. अ‍ॅडमिनपणही आपोआप त्यांच्याकडं गेलं. पुढं सगळे परत ग्रुपांत आलो, सर पुन्हा अ‍ॅडमिन झाले, तेव्हा साहेबांनी चहापाण्यात आम्हाला सांगितलं, की सवयीनं त्या दिवसांत त्यांनी 'अतितात्काळ' म्हणून एक तक्ता टाकला, तासभर वाट बघितली, आणि मग स्वतःच खाली लिहिलं : 'निरंक'.

राग येतो तो माणसाचा नाही, हे मला कबूल करायला हवं. 'आम्हाला शिकवू द्या' म्हणून आमच्या लोकांनी मोर्चे काढले ते उगाच नाही. डिसेंबर २०२३ पासून पोरांची हजेरी चॅटबॉटवर टाकायची आली. म्हणजे एकदा पोरांची घ्यायची, एकदा बॉटला द्यायची, आणि बॉट झोपला असेल तर तिसऱ्यांदा उठवायची. सरांसारखा माणूस खात्यानं हाताला धरून घडवला. ज्याला कामाऐवजी पुरावा मागितला जातो, तो पुरावा करण्यात पटाईत होणारच. तरीही सरांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती लिहून ठेवतो. चौथीच्या पोरांना ते भागाकार फार सुंदर शिकवत. चिंचोके घेऊन, जमिनीवर बसून, अर्धा तास फोनला हात न लावता. त्याचा एकही फोटो नाही, म्हणून वरच्या कुठल्याही कागदावर सरांनी भागाकार शिकवल्याची नोंद नाही. नोंद आहे ती साबणाची.

येळवशीला मात्र सगळे ग्रुप मुके होतात. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला गावात काळं कुत्रं सापडत नाही, सगळं शिवारात. कडब्याची कोप, पाच पांडव, आंबिलीचा बिंदगा, भज्जी. सर ज्या घरी जेवायला गेले होते तिथं मीही होतो. शेळी विकणाऱ्याच्याच रानात. भज्जीनं भरलेलं ताट पुढं आलं, सरांनी फोन काढला, कोन शोधला. तशी म्हातारी म्हणाली, "गुर्जी, आदी लक्षिमीला दावा. मग जगाला दावा." सरांनी फोन खिशात घातला, कोपीला हात जोडले, पाच घास जेवले आणि मग अर्धं खाल्लेलं ताट जगाला दाखवलं. सत्त्याऐंशी लाइक.

२८ जुलै २०२५ ला शासनाचा तो सोशल मीडियाचा निर्णय आला. कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवावं, शासनावर टीका करू नये, स्वतःच्या खात्यावर रील टाकताना शासकीय इमारत, वाहन, पदनाम वापरू नये, अशी ती जंत्री. सरांनी तो आधी सतरा ग्रुपांवर टाकला, मग वाचला. त्यांच्या रीलमध्ये शाळेची इमारत नाही अशी रील एकही नव्हती. दोन रात्री बसून डिलीट करत राहिले. तिसऱ्या दिवशी लिंबाकडं पाठ करून एक रील केली आणि मला विचारलं, "लिंब शासकीय धरायचा का?" मी म्हटलं, "जागा जिल्हा परिषदेची, झाड गावाचं, आणि शेजारचा दुसरा लिंब तर तुम्ही बीड जिल्ह्यातून आणलाय." सरांनी पाठ वळवून आभाळाकडं केली.

मग बदल्यांची यादी लागली आणि सर उमरगा तालुक्यात गेले. शंभरावर किलोमीटर, कर्नाटकाच्या सीमेला. चार्ज देताना यादी केली ती माझ्याकडं आहे. कपाट लोखंडी १, तराजू १, पातेली २ (पैकी एकावर जळका कोड), घंटा १, ध्वज २, ग्रुप १७. सतराही ग्रुपांवर त्यांनी मला अ‍ॅडमिन केलं आणि 'आपणा सर्वांचे सहकार्य अविस्मरणीय' असं लिहून बाहेर पडले. चौथीचा ग्रुप शेवटी सोडला. त्यावर त्या नर्सिंगवाल्या पोरीच्या बापानं लिहिलं : 'सर, पोरगी दुसऱ्या वर्षाला गेली.' सर तोवर लेफ्ट झाले होते. तो मेसेज मी त्यांना पुढं पाठवला. उत्तरादाखल त्यांचंच ते स्टिकर आलं, 'तात्काळ'वालं.

मी काही त्यांच्याइतका कडक अ‍ॅडमिन नाही. केंद्राच्या 'अप्राप्त' यादीत आमच्या शाळेचं नाव आता अधूनमधून असतं. कालच त्या बापानं पुन्हा पोस्ट टाकली आहे, दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी. घेणाऱ्यानं नऊ हजारांना नेलेल्या त्याच शेळीची ही पाठ, बापानं घरी राखून ठेवलेली. दीड वर्षाची, काळी, लांब कानांची, बिल्ला मारलेली. दहा हजार म्हणतोय, थोडं खालीवर होईल. कुणाला पाहिजे असेल तर कळवा.